चहा उकळायच्या आत साखर दारात
(नागपूरच्या बाजारात आम्ही काय पाहिले, आणि त्यातून आपण काय घ्यावे)

गेल्या नोव्हेंबरात आपल्या कारखान्याचे काही ऊस उत्पादक सभासद, शेती खात्याचे दोघे आणि आम्ही, असे मिळून नागपूरला ॲग्रोव्हिजन कृषी प्रदर्शन पाहण्यास गेलो होतो. प्रदर्शनाचा वृत्तांत शेती खाते स्वतंत्र देणार आहे, तेव्हा त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. या लेखात सांगायची आहे ती गोष्ट प्रदर्शनाच्या मंडपात नव्हे, तर मनीषनगरातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात घडली. साधीच गोष्ट, पण परत येताना गाडीत दुसरा विषयच निघाला नाही.

झाले असे. आपल्या एका सभासदांची लेक नागपुरास दिलेली आहे. जावई मिहानमधल्या कंपनीत नोकरीला आहेत. माहेरची माणसे गावात आलीत म्हटल्यावर तिने आग्रहाने सगळ्यांना चहाला बोलावले. आम्ही सात जण जाऊन बसलो. आत आधण ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ साखरेचा डबा चमच्याने खरवडल्याचा.

आमच्यातले जुने सभासद तात्या बाहेरूनच म्हणाले, "अगं, साखर कारखान्याची माणसं घरात आणि डबा रिकामा! आधी फोन केला असतास तर पोतंच टाकलं असतं गाडीत."

सगळे हसले. लेक म्हणाली, "बसा हो तात्या, येतीय साखर." आणि तिने मोबाईलवर दोनचार ठिकाणी बोट लावले. आम्ही सहज घड्याळ पाहून ठेवले. बाराव्या मिनिटाला बेल वाजली. दारात एक पोरगा उभा, हातात कागदी पिशवी. तीत एक किलो साखर, दुधाच्या दोन पिशव्या आणि बिस्किटांचा पुडा. पैसे आधीच मोबाईलवरून गेलेले. पोरगा पिशवी देऊन जिना उतरलादेखील. चहाचे आधण अजून उकळतच होते.

चहा झाल्यावर तात्यांनी ती साखरेची पिशवी मागवली, चष्मा लावला आणि उलटसुलट करून वाचू लागले. पुढे ब्रँडचे नाव ठसठशीत. मागे बारीक अक्षरात साखर भरून देणाऱ्याचा पत्ता. ही साखर कोणत्या कारखान्यात झाली, कोणत्या शिवारातल्या उसाची, याचा मात्र कुठे मागमूस नाही.

"ही आपलीच तर नसंल?" तात्यांनी विचारले.

उत्तर कोणालाच देता आले नाही. आपला कारखाना निविदा काढून व्यापाऱ्याला साखर विकतो. पन्नास किलोची पोती ट्रकमध्ये चढली की आपला संबंध संपला. पुढे ती कुठे जाते, कोण खातो, काय भावाने खातो, हे आपल्याला ठाऊक नसते. कारखान्याच्या दारात किलोला सदतीस-अडतीस रुपयांच्या आसपास विकली जाणारी साखर त्या पिशवीत पन्नासच्या वर गेलेली होती. मधला फरक सगळाच कोणी लुबाडला असे आमचे म्हणणे नाही. त्यात कर आहे, वाहतूक आहे, पिशवी आहे, गोदाम आहे, त्या पोराची मजुरी आहे. पण त्या फरकातले कोणते काम आपण करतो, असे विचारले तर उत्तर 'एकही नाही' असे येते. या एका प्रश्नासाठी हा लेख लिहीत आहोत.

बिनगल्ल्याचे दुकान

माल इतक्या लवकर येतो कसा, याचे सर्वांनाच नवल वाटले होते. मोटारसायकल जोरात पळवतात म्हणून येतो, असा आमचा समज. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे मुद्दाम चौकशी करीत गेलो, तेव्हा तो चुकीचा निघाला.

लेकीच्या घरापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, आतल्या रस्त्याला एक गाळा आहे. पाटी अशी की गिऱ्हाइकाने आत यावे असे तिला वाटतच नाही. गल्ला नाही, काउंटर नाही. अर्धे शटर वर, आत नंबर घातलेल्या मांडण्या, आणि मांडण्यांमधून हातात मोबाईल घेऊन लगबगीने फिरणारी मुले. बाहेर दहाबारा मोटारसायकली उभ्या. वॉचमनने आत सोडले नाही. त्याचे कामच ते, आमची तक्रार नाही. पण बाहेर उभ्या असलेल्या मुलांनी सगळे समजावून सांगितले. याला 'डार्क स्टोअर' म्हणतात. अंधारे दुकान असा त्याचा अर्थ नव्हे. गिऱ्हाइकासाठी बंद, फक्त मोबाईलवरच्या मागणीसाठी चालणारे दुकान.

मागणी आली की आतल्या मुलाच्या मोबाईलवर दिसते, कोणत्या मांडणीच्या कोणत्या खणात वस्तू आहे तेही दिसते. दोनतीन मिनिटांत पिशवी भरून बाहेर येते. आता हिशेब करा. दोन किलोमीटर अंतर, ताशी वीसचा वेग धरला तरी सहा मिनिटे लागतात. म्हणजे वेग मोटारसायकलीत नाही. तुम्हाला साखर लागणार हे ओळखून ती तुमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर आधीच आणून ठेवलेली आहे, यात आहे. कोणत्या वस्तीत संध्याकाळी दूध किती जाते, रविवारी सकाळी ब्रेड किती जातो, उन्हाळ्यात आइस्क्रीम किती जाते, याची नोंद त्यांच्याकडे रोजच्या रोज जमा होते, आणि त्या नोंदीवरून माल भरला जातो.

आपल्या सभासदांना हे समजायला अवघड जाऊ नये. उसाची नोंद, गटवार तोडणी कार्यक्रम, कोणत्या फडावर कोणती टोळी आणि कोणती गाडी, आणि तुटलेला ऊस वेळेत गव्हाणीत, नाहीतर उतारा घटतो. हे गणित आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. तेच गणित या लोकांनी शहरातल्या किराण्याला लावले आहे. आपल्याकडे उशीर झाला तर साखर कमी होते, त्यांच्याकडे उशीर झाला तर गिऱ्हाईक जाते.

हे एका रात्रीत झाले नाही

मोबाईलवरून किंवा संगणकावरून खरेदी करण्याची पद्धत आपल्या देशात रुजली ती गेल्या पंधरावीस वर्षांत. २००७ साली बंगळूरला फ्लिपकार्ट कंपनी पुस्तके विकण्यापासून सुरू झाली. २०१० साली तिने माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय केली, आणि बँकेचे कार्ड नसलेल्या माणसालाही हा बाजार उघडा झाला. २०१३ च्या जूनमध्ये ॲमेझॉन भारतात आली. २०१६ साली यूपीआय आले, आणि पानटपरीपासून भाजीवालीपर्यंत सर्वांच्या हाती मोबाईलवरचे पैसे खेळू लागले. पुढे २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा विकत घेतला.

त्या वेळी माल यायला दोनचार दिवस लागत. कपडे, मोबाईल, मिक्सर यांना ते चालते, दुधाला आणि कोथिंबिरीला चालत नाही. किराणा दुकानदार त्यामुळे निर्धास्त होता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि घरबसल्या किराणा मागवण्याची सवय शहरांना लागली. त्याच वर्षी स्विगीने इन्स्टामार्ट सुरू केले. २०२१ साली मुंबईत दोन तरुणांनी झेप्टो काढली. ग्रोफर्स नावाची जुनी कंपनी त्याच वर्षाच्या डिसेंबरात नाव बदलून ब्लिंकिट झाली आणि २०२२ साली झोमॅटोने ती विकत घेतली. वाढ कशी झाली ते एका आकड्यावरून दिसेल. ब्लिंकिटची अशी दुकाने मार्च २०२४ अखेर देशभरात ५२६ होती, ती मार्च २०२५ अखेर १,३०१ झाली. एका वर्षात अडीच पट! आपल्याला गाळपक्षमता वाढवायची तर परवाना, कर्ज आणि यंत्रसामग्री यातच तीन वर्षे जातात.

नागपूरला याचा जोर विशेष आहे, त्याला कारण आहे. हे शहर देशाच्या मध्यावर. शून्य मैलाचा दगड तिथलाच. १८६७ साली रेल्वे आली आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला मुंबईची वाट मिळाली. दहा वर्षांनी जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल काढली ती याच सोयीमुळे. आता १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले, आणि चारी दिशांना माल पाठवायला नागपूरसारखे ठिकाण नाही हे कंपन्यांच्या ध्यानात आले. वाडी, गोंडखैरी, बुटीबोरी या बाजूंना गोदामेच गोदामे दिसतात. मुंबईपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. आम्ही स्वतः जालन्याजवळ त्यावर चढलो, आणि वाटेत मालाचे ट्रक रात्रंदिवस धावताना पाहिले. मोठ्या गोदामातून माल शहरातल्या लहान दुकानात, आणि तिथून बारा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावर, अशी ही साखळी आहे.

इतवारीत आणि कोपऱ्यावर

बाजाराची दुसरी बाजू पाहावी म्हणून आम्ही इतवारीत गेलो. नागपूरची ही जुनी घाऊक पेठ. किराणा, सराफा, कापड, भांडी, सगळे या परिसरात. गल्ल्यांमधून हातगाड्या, हमाल, ऑटो यांची रेटारेटी चालूच होती. बाजार ओस पडला असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. चटका जास्त बसला आहे तो वस्तीतल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला. लेकीच्या घराखालीच असे एक दुकान आहे. दुकानदार वयस्कर, बोलायला मोकळे. त्यांनी आम्हाला बाकावर बसवून घेतले.

"अजी भाऊ, महिन्याचा किराणा अजून आमच्याकडूनच जाते," ते म्हणाले. "तूर डाळ, तांदूळ, तेलाचा पिपा. पण सुटं गिऱ्हाईक तुटलं ना जी. आधी पोरगं पळत येत होतं, पावभर साखर, ब्रेडचा पुडा, आईनं सांगितलेलं जिरं घेऊन जात होतं. त्याच्यातच आमचा रोजचा गल्ला होता. आता ते घरात बसून मोबाईल दाबून राहिलं."

भावाचे विचारले तर म्हणाले, "माल तोच, कंपनी तेच. पण मले ज्या भावात डिस्ट्रिब्युटर देते, काही वस्तू त्याच्याहून कमी भावात ते गिऱ्हाइकाले देऊन राहिले. मी कोठून देऊ?"

हे रडगाणे एकट्या त्यांचे नाही. व्यापाऱ्यांची अखिल भारतीय संघटना 'कॅट' गेली अनेक वर्षे हीच तक्रार मांडत आहे, आणि तिचे अध्यक्षपद नागपूरच्याच बी. सी. भरतिया यांच्याकडे राहिले आहे. परदेशी भांडवलाच्या कंपनीने फक्त बाजार मांडावा, स्वतः माल साठवून विकू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरात अधिक कडक केला. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या व्यापारी महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांची चौकशी लावली. मार्च २०२५ मध्ये वितरकांच्या देशपातळीवरील संघटनेने झेप्टो, ब्लिंकिट आणि इन्स्टामार्ट यांच्याविरुद्ध त्याच आयोगाकडे धाव घेतली. तोटा सोसून भाव पाडायचे आणि प्रतिस्पर्धी मेला की मग वसूल करायचे, अशी ही चाल आहे, असे वितरकांचे म्हणणे. गिऱ्हाइकाला सोय आणि निवड मिळते, असे कंपन्यांचे म्हणणे.

भागभांडवल म्हणजे काय हे आपण सभासद जाणतो, म्हणून एक गोष्ट ध्यानात आणून देतो. ब्लिंकिटच्या मूळ कंपनीने २०२५ साली आपल्यातील परदेशी भागभांडवलाची कमाल मर्यादा ४९.५ टक्के अशी ठरवून घेतली. मालकी भारतीय ठरली की स्वतःचा माल ठेवून विकायला मोकळीक मिळते. म्हणजे उद्या ही मंडळी नुसती बाजार मांडणारी राहणार नाहीत, मालाची मालकही होतील. साखर कोणाकडून घ्यायची आणि कोणत्या नावाच्या पिशवीत भरायची, हेही मग तेच ठरवणार.

दोन साखर कारखान्यांमध्ये आपल्या राज्यात २५ किलोमीटरचे हवाई अंतर लागते. एकाने दुसऱ्याचा ऊस ओढू नये म्हणून तो नियम झाला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला असले कोणतेच अंतर नाही. तसे असावे असेही आमचे म्हणणे नाही, कारण त्यात गिऱ्हाइकाचे नुकसान आहे. पण स्पर्धा करणाऱ्या एकाच्या पाठीशी हजारो कोटी आणि दुसऱ्याच्या पाठीशी सोसायटीचे कर्ज, असे असताना तिला सरळ कुस्ती कोणी म्हणू नये.

पिशवी आणणारा पोरगा

त्या बंद दुकानाबाहेर एका मुलाशी बोलणे झाले. काटोलकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. "बाबांची संत्र्याची बाग होती. कोळशीनं खाल्ली," म्हणाला. दोन वर्षे झाली, शहरात हेच काम करतो.

पगार किती म्हणून विचारले. "पगार नाही जी, ऑर्डरवर आहे. पावसात थोडे जास्त देते. गाडी आपली, पेट्रोल आपलं." उन्हाळ्याचे विचारले. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. "दुपट्टा बांधतो डोक्याले, अन् निघतो. दुपारीच तं लोकं जास्त मागवते." मागच्या पावसाळ्यात तो घसरून पडला होता. पंधरा दिवस घरी बसला, त्या दिवसांचे पैसे कोणी दिले नाहीत. तक्रारीचा सूर नव्हता, हकिगत सांगावी तसे सांगितले. मोबाईल वाजला आणि बोलता बोलता गाडीला किक मारून गेला.

अशी मुले आपल्याही तालुक्यातून पुण्याला, संभाजीनगरला गेलेली आहेत. आपल्यापैकी काहींच्या घरातली आहेत. त्यांच्यासाठी दोन गोष्टी अलीकडे घडल्या, त्या सांगून ठेवतो. सामाजिक सुरक्षेचा केंद्रीय कायदा २०२० साली मंजूर झाला होता, तो २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आला. त्यात या कामगारांची प्रथमच कायद्याने दखल घेतली आहे. त्यांच्या कल्याण निधीसाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची आहे. मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून ती जास्त होणार नाही. दुसरे असे की, २०२५ च्या डिसेंबरअखेर या मुलांनी संप केला, आणि जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांना समज दिल्यावर ब्लिंकिटने 'दहा मिनिटांत' ही आपली जाहिरात मागे घेतली.

ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनाला १० रुपये द्यायचे ठरले, तेव्हा आपल्याकडे बरीच कुरकुर झाली होती. ज्याच्या पाठीवर आपला धंदा उभा आहे त्याचा भार धंद्यानेच उचलला पाहिजे, हे तेव्हाही खरे होते आणि या मोटारसायकलवाल्या पोरांच्या बाबतीतही खरे आहे.

लेकीचे म्हणणे

आता एक बाजू राहिली, आणि ती आम्हा पुरुषांच्या ध्यानात आलीच नव्हती.

रात्री जेवताना तात्या म्हणाले, "आळशी करून टाकलं लोकांना. खाली दुकान आहे, तीन जिने उतरायला काय होतंय?"

लेक वाढता वाढता थांबली. म्हणाली, "तात्या, सासूबाईंना एकटं सोडता येत नाही. बाळ वर्षाचं आहे. हे रात्री आठला येतात. मागच्या महिन्यात बाळाला ताप आला, रात्री साडेदहाला थर्मामीटर आणि जुलाबाची पावडर लागली. मी कुणाला पाठवणार होते? तुम्हाला उशीर चालतो, कारण तुमच्या वतीनं दुसरं कुणीतरी धावत असतं."

तात्या काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. गावाकडे सामान संपले की बाईने शेजारी वाटी घेऊन जायचे, नाहीतर कोणी तालुक्याला जाईल तेव्हा चिठ्ठी द्यायची. तिच्या वेळेचा हिशेब आपण कधी मांडला नाही. या कंपन्यांनी तो मांडला आणि त्यावर धंदा उभारला. त्यांना नावे ठेवण्याआधी हे कबूल केले पाहिजे.

तिने आणखी एक गोष्ट दाखवली. बिलात साखरेचा भाव होता, वर 'हाताळणी खर्च' म्हणून काही रुपये होते. ठरावीक रकमेच्या वर खरेदी केली तर घरपोच आणून देण्याचे पैसे माफ, म्हणून तिने बिस्किटांचा पुडा घेतला होता, एरवी घेतला नसता. पाऊस पडू लागला की आकार वाढतो. आपल्या जुन्या सभासदांना गुळाचा अडत्या आठवत असेल. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरायचा, आणि शेतकऱ्याला कळायचे ते पट्टी हातात पडल्यावर. पुढे बाजार समित्या झाल्या, उघडा लिलाव आला. आता रुमालाच्या जागी मोबाईलची काच आली आहे. काचेतून सगळे दिसते असे वाटते, पण भाव कोणत्या हिशेबाने ठरला ते गिऱ्हाइकालाही दिसत नाही आणि माल पिकवणाऱ्यालाही नाही.

आपल्या भांडाराचे काय?

सभासद बंधुभगिनींनो, नागपूरची हकिगत इतकी लांबवण्याचे कारण आता सांगतो. आपले सभासद ग्राहक भांडार सध्या तोट्यात आहे, हे आपण जाणताच. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याविषयी निर्णय व्हायचा आहे. भांडार बंद करावे आणि इमारत पार्सलच्या गोदामासाठी भाड्याने द्यावी, असा विचार काही मंडळी बोलून दाखवतात. भाडे घरबसल्या येईल, हे खरे आहे. कारखान्याच्या गेटवर वॉचमनच्या खोलीत रोज कपड्यांच्या आणि भांड्यांच्या पार्सलांचा ढीग पडतो, तो आपणच पाहतो. दहा मिनिटांचे दुकान आपल्या गावात आज नाही, तरी पार्सलवाला कधीच पोहोचला आहे.

भांडाराचे दोष झाकण्यात अर्थ नाही. दुपारी एक ते चार बंद. गिऱ्हाईक आले तर नोकर म्हणतो, साहेब जेवायला गेलेत. तेल हवे तर संपलेले, नको ते साबण तीन वर्षे मांडणीवर. दिवाळीच्या सवलतीच्या साखरेसाठी म्हाताऱ्या माणसांना रांगेत तिष्ठत बसावे लागते. हे सगळे आपल्याच घरातले आहे, याला परदेशी भांडवल कारण नाही.

पण म्हणून दार लावून घ्यायचे काय? दारात येऊन घेणारा एकच असला तर भाव तो ठरवतो, हे शेतकऱ्याला ठाऊक होते, म्हणून तर सहकार उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला शेतकऱ्यांचा कारखाना काढला, त्यांना मार्गदर्शन केले ते धनंजयराव गाडगीळांनी. या धनंजयरावांचे लहानपण नागपुरातच गेले. कारखान्याच्या जोडीला ग्राहकांचे दुकानही नीट चालवता येते, हे वारणेच्या बाजाराने सत्तरीच्या दशकात करून दाखवले. तेव्हा हे आपल्याला जमणारे नाही असे कोणी म्हणू नये.

आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली, सामान घरपोच देण्याची. आपल्या दूध संस्थेची गाडी पहाटे गावोगाव रिकामी जाते आणि भरून येते. जाताना त्याच गाडीत भांडाराचे सामान गेले तर जादा डिझेल फारसे लागणार नाही. संध्याकाळी सातपर्यंत फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर यादी द्यावी, सकाळी दूध घालायच्या जागी पिशवी मिळावी. बारा मिनिटांत नाही, पण सकाळच्या चहाला साखर पोहोचेल. सवलतीची साखरही अशीच पोहोचवता येईल, म्हाताऱ्यांची रांग वाचेल.

दुसरी, खरेदीची. एकट्या भांडाराला कंपन्या भाव देत नाहीत. शेजारच्या तीनचार सहकारी भांडारांनी मिळून खरेदी केली तर निदान बोलणी तरी बरोबरीने होतील.

तिसरी, आपल्या साखरेची. केंद्राच्या मासिक कोट्यात राहूनच काही साखर एक आणि पाच किलोच्या पिशव्यांत, आपल्या कारखान्याच्या नावाने भरावी. उडी मोठी नको. पिशवी, यंत्र, नासधूस, विक्रीचा खर्च यांचा हिशेब मांडून मगच पाऊल टाकावे. सुरुवात सभासदांच्या पुण्या-नागपुरातल्या लेकीसुनांच्या सोसायट्यांपासून करता येईल. पुढे या मोबाईलवरच्या दुकानांत ठेवायची वेळ आली तरी ठेवावी, तिथे वैर धरण्यात मतलब नाही. सरकारने काढलेले ओएनडीसी नावाचे खुले जाळे २०२२ पासून चालू झाले आहे, तेही तपासून पाहावे. पिशवीवर मागल्या बाजूला का होईना, आपले आणि आपल्या शिवाराचे नाव असावे, एवढाच आग्रह.

यातले सगळे साधेल असे आम्ही म्हणत नाही. एखादी गोष्ट फसेलही. इमारत भाड्याने दिली तर तेवढी खात्रीची रक्कम मिळेल, आणि सभेने तसे ठरवले तर तो निर्णय आम्हाला शिरसावंद्य आहे. मात्र ठरवण्याआधी प्रत्येक सभासदाने घरी जाऊन एकदा घरातल्या बाईला विचारावे की भांडारातून काय मिळाले, कधी मिळाले, कसे मिळाले तर ती तिथून घेईल. तिचे उत्तर कागदावर लिहून गटातल्या शेती कर्मचाऱ्याकडे द्यावे, किंवा या पत्रकाच्या पत्त्यावर धाडावे. आलेली सर्व पत्रे सभेपुढे ठेवण्याचे मा. चेअरमन साहेबांनी मान्य केले आहे.

परत निघताना लेकीने सगळ्यांच्या हातात संत्र्याची एकेक पिशवी दिली. तात्यांनी पिशवी घेतली आणि जिन्यात थांबून तिला म्हणाले, "पुढच्या वेळी येताना साखर घेऊन येतो. आपल्या नावाची."

ती साखर नेण्याची जबाबदारी आता आपल्या सर्वांवर आहे. कळावे.